चुनखडीचे अपघटन आणि मागे ओढणारा दाब : व्युत्क्रमी घन अभिक्रियेची गतिकी कशी मोजावी

कॅल्शियम कार्बोनेट तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, उरतो, हे शाळेतच शिकवले जाते. शाळेत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की निघालेला वायू आसपास रेंगाळला, तर तोच वायू चुन्याशी पुन्हा संयोग पावून कार्बोनेट तयार करतो; अशी दोन्ही दिशांना चालणारी अभिक्रिया म्हणजे व्युत्क्रमी अभिक्रिया. भट्टीत वारा खेळता राहिला नाही तर दगड आतून कच्चा राहतो, हे चुनाभट्टीवर काम करणाऱ्याला सूत्र न मांडताही ठाऊक असते. प्रयोगशाळेत मात्र हीच अभिक्रिया टीजीए यंत्रात, म्हणजे तापवता तापवता वजन नोंदवणाऱ्या तराजूत, मोजताना हा वायू अनेकदा हिशेबातून सुटतो, आणि मग सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे अभिक्रिया घडण्यासाठी ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या उंबरठ्याचा, जो आकडा हाती येतो तो त्या पदार्थाचा नसून त्या दिवशीच्या क्रुसिबलचा, म्हणजे नमुना ठेवायच्या भांड्याचा, असतो. हा आकडा पदार्थाचा यावा यासाठी प्रयोग कसा आखावा आणि हिशेब कसा करावा, ते येथे चुनखडीचे उदाहरण घेऊन सांगितले आहे. हायड्रेट (स्फटिकात पाणी बांधलेले क्षार), हायड्रॉक्साइड किंवा इतर कार्बोनेटांसाठी आकडे बदलतील, पण रीत बहुतांशी हीच राहील.

भट्टी सुरू करण्याआधी समतोल दाबाचा आलेख काढावा

ठरावीक तापमानाला कॅल्शियम कार्बोनेटावरील कार्बन डायऑक्साइडचा समतोल दाब, म्हणजे ज्या दाबाला अपघटन आणि पुन्हा होणारा संयोग सारख्याच वेगाने चालतात तो दाब, ठरावीकच असतो, तो घन पदार्थाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो, हे आंरी दब्रे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये दाखवले. या एका विधानात बरेच काही दडलेले आहे. द्रावणातील व्युत्क्रमी अभिक्रिया अर्ध्यावर येऊन समतोल गाठू शकते. येथे तसे होत नाही, कारण कार्बोनेट आणि ऑक्साइड या दोन वेगवेगळ्या शुद्ध घन प्रावस्था आहेत. बाहेरचा दाब समतोल दाबापेक्षा कमी असेल तर सगळे कार्बोनेट, वेळ लागला तरी, अपघटित होते. दाब जास्त असेल तर एक कणही अपघटित होत नाही. म्हणून वजनातील घट चाळीस टक्क्यांच्या अलीकडे थांबलेली दिसली तर 'समतोल आला' असे लिहू नये. एकतर नमुना अशुद्ध आहे, किंवा अभिक्रिया इतकी मंदावली आहे की आपण वाट पाहिली नाही. शुद्ध नमुन्यात घट ४३.९७ टक्के यायला हवी.

समतोल दाबासाठी बेकर यांचे १९६२ मधील समीकरण सोयीचे आहे : दहाच्या पायावरील लॉगॅरिथम घेतल्यास, लॉग (समतोल दाब) = ७.०७९ − ८३०८ ÷ तापमान. यात दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचे. त्यावरून ६०० अंश सेल्सिअसला समतोल दाब सुमारे ०.००३७ ॲटमॉस्फिअर, ६५० अंशांना ०.०१२, ७०० अंशांना ०.०३५, ७५० अंशांना ०.०९१, ८०० अंशांना ०.२२ आणि ९०० अंशांना सुमारे १ ॲटमॉस्फिअर येतो. या समीकरणाच्या उतारातून एन्थॅल्पी, म्हणजे अपघटनात शोषली जाणारी उष्णता, मोलला सुमारे १५९ किलोज्यूल निघते. २५ अंशांची प्रमाण एन्थॅल्पी १७८ किलोज्यूलच्या आसपास आहे. पुढील हिशेबात १५९ हा आकडा घेतला आहे, कारण ज्या समीकरणातून दाब काढला त्याच समीकरणातून एन्थॅल्पी काढलेली बरी. दोन ठिकाणचे आकडे एकत्र केले की सूत्रात सूक्ष्म विसंगती शिरते.

हा आलेख कागदावर काढून यंत्राजवळ लावून ठेवावा. तापमानाच्या प्रत्येक अंशाला समतोल दाब ७०० अंशांच्या आसपास सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो, म्हणजे तापमापकात पाच अंशांची चूक असेल तर समतोल दाबात दहा टक्क्यांची चूक होते. त्यामुळे तापमानाचे अंशशोधन, म्हणजे ज्ञात तापमानांशी ताडून तापमापक तपासणे, नेहमीपेक्षा काटेकोर हवे. वजनासोबत उष्णतेचा संकेतही देणारे यंत्र असेल तर ॲल्युमिनियमचा ६६०.३ अंश आणि चांदीचा ९६१.८ अंश हे वितळबिंदू आपल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना नेमके बसतात. नुसता तराजू असेल तर निकेल आणि लोखंड यांचे चुंबकत्व ज्या तापमानाला नाहीसे होते ते क्युरी बिंदू वापरता येतात. अंशशोधन ज्या तापवेगाने आणि ज्या वायूत प्रयोग करायचा त्याच वेगाने आणि त्याच वायूत करावे.

वेगाच्या समीकरणातील तिसरा गुणक

घन पदार्थाच्या अपघटनाचा वेग सहसा दोन गुणकांनी लिहितात : एक तापमानाचा, म्हणजे तापमानाबरोबर वेग कसा वाढतो हे सांगणारा अरेनियसचा, दुसरा रूपांतर-अंशाचा, म्हणजे किती भाग झाला आणि किती उरला याचा. व्युत्क्रमी अभिक्रियेत तिसरा गुणक लागतो, तो दाबाचा. त्याचे सर्वांत साधे रूप म्हणजे एक वजा दाब-गुणोत्तर. दाब-गुणोत्तर म्हणजे नमुन्याभोवतीचा कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) भागिले त्या तापमानाचा समतोल दाब. गुणोत्तर शून्य असेल तर हा गुणक एक होतो आणि समीकरण नेहमीचे राहते. गुणोत्तर एक झाले की वेग शून्य होतो, जसा तो समतोलाला व्हायलाच हवा.

आता गंमत अशी की समतोल दाब स्वतःच तापमानावर अवलंबून असल्याने हा तिसरा गुणकही तापमानाबरोबर बदलतो, आणि तो हिशेबात न घेता अरेनियसचा आलेख (तापमानाच्या व्यस्तासमोर वेगाचा लॉगॅरिथम) काढला तर त्याचा सगळा बदल बिचाऱ्या सक्रियण ऊर्जेच्या माथी मारला जातो. अवकलन करून पाहिले तर दिसणारी सक्रियण ऊर्जा ही खऱ्या सक्रियण ऊर्जेपेक्षा एन्थॅल्पी गुणिले (दाब-गुणोत्तर ÷ (१ − दाब-गुणोत्तर)) इतकी जास्त येते. कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.०२ ॲटमॉस्फिअर ठेवला आहे असे समजू. ७२० अंशांना दाब-गुणोत्तर ०.३९ आहे, आणि दिसणारी ऊर्जा खऱ्यापेक्षा सुमारे १०० किलोज्यूलने जास्त येईल. ७०० अंशांना गुणोत्तर ०.५७ होते आणि ही भर २१५ वर जाते. ६८० अंशांना गुणोत्तर ०.८७ आहे, आणि भर हजारापलीकडे जाते. ६७३ अंशांच्या खाली तर अपघटन होतच नाही. चाळीस अंशांच्या पट्ट्यात एकाच पदार्थाची 'सक्रियण ऊर्जा' अशी सुमारे चौपट हलताना दिसते, म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात मोजलेले मोलला हजारो किलोज्यूलचे आकडे पाहून कोणी नवी यंत्रणा सुचवू लागला, तर आधी त्याला दाब-गुणोत्तर विचारावे.

येथे आणखी एक खाचखळगा आहे. काही जण दाबाचा गुणक 'एक वजा गुणोत्तर' असा न लिहिता 'समतोल दाब वजा दाब' असा लिहितात. दोन्ही रूपे समतोलाला शून्य होतात, दोन्ही बरोबर आहेत, पण दुसऱ्या रूपात समतोल दाब बाहेर काढला गेल्यामुळे वेगस्थिरांकातील सक्रियण ऊर्जा बरोबर एन्थॅल्पीएवढी कमी येते. बेरुतो आणि सर्सी यांनी १९७४ मध्ये कॅल्साइटच्या स्फटिकावर निर्वातात मोजलेली सक्रियण ऊर्जा मोलला सुमारे २०५ किलोज्यूल आहे. दुसऱ्या रूपात तीच ४० ते ५० च्या घरात दिसेल. दोन निबंधांतील आकडे जुळत नसतील तर भांडण बहुधा या रूपावरून असते.

नमुना, क्रुसिबल आणि वायू

नमुना जितका थोडा तितका चांगला, ही सूचना सगळेच देतात. ती का दिली जाते याचा हिशेब एकदा हाताने करावा. दहा मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ०.१ मिलिमोल, त्यातून खोलीच्या तापमानाला मोजल्यास सुमारे २.४५ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू दहा मिनिटांत निघाला आणि मिनिटाला ५० मिलिलिटर नायट्रोजन वाहत असला, तर ५०० मिलिलिटरमध्ये तो मिसळतो, म्हणजे सरासरी आंशिक दाब जवळजवळ ०.००५ ॲटमॉस्फिअर होतो. ६५० अंशांचा समतोल दाब ०.०१२ आहे. सिलिंडरमधून शुद्ध नायट्रोजन सोडूनही दाब-गुणोत्तर ०.४ वर गेले, आणि ही सरासरी झाली वाहत्या प्रवाहातली. भुकटीच्या थराच्या तळाशी, जिथून वायूला कणांच्या फटींतून वाट काढत वर यायचे आहे, तिथे ते याहून बरेच जास्त असते. नमुना दोन मिलिग्रॅम आणि प्रवाह मिनिटाला १०० मिलिलिटर केला की ती सरासरी ०.०००५ वर येते. शिवाय अपघटन उष्णता शोषते : दहा मिलिग्रॅमला सुमारे १७ ज्यूल लागतात, त्यामुळे जाड थर तापमापक दाखवतो त्याहून थंड राहतो, आणि थंड राहिला की समतोल दाबही कमी होतो. म्हणजे एकाच चुकीचा दुहेरी दंड भरावा लागतो.

म्हणून एक ते तीन मिलिग्रॅम शुद्ध कॅल्साइटची, एकाच चाळणीतून गाळलेली भुकटी घ्यावी, ती ११० अंशांना वाळवावी, आणि उथळ, उघड्या, सपाट तळाच्या पॅनमध्ये कण शक्यतो एकमेकांवर येणार नाहीत अशी पसरावी. झाकण लावू नये. झाकण लावलेल्या क्रुसिबलमध्ये आतला दाब समतोल दाबालाच चिकटून राहतो आणि वेग ठरतो तो वायू फटीतून किती लवकर बाहेर पडतो त्यावर. तो समतोल दाबाच्या प्रमाणात असल्याने अरेनियसचा आलेख सुंदर सरळ येतो आणि त्याच्या उतारातून एन्थॅल्पीच्या जवळचा आकडा, १६० ते १७० च्या आसपासचा, बाहेर पडतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या मोजमापांत असाच आकडा आला होता, सहसंबंध गुणांक ०.९९९ होता, आणि मी आठवडाभर खूश होतो. सक्रियण ऊर्जा एन्थॅल्पीएवढी आली की तेव्हापासून मला आनंद होत नाही, संशय येतो.

वायूच्या बाबतीत दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, मिश्रणातील कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी म्हणजे आंशिक दाब नव्हे. तिला एकूण दाबाने गुणावे लागते. पुण्यासारख्या समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या शहरात हवेचा दाब सुमारे ०.९४ ॲटमॉस्फिअर असतो, त्यामुळे तेथे दोन टक्के मिश्रणाचा आंशिक दाब ०.०२ नसून ०.०१८८ होतो, मुंबईतला आकडा पुण्यात तसाच वापरला तर गुणोत्तरात सहा टक्क्यांची चूक होते. दुसरी, नायट्रोजनासाठी अंशशोधित केलेला प्रवाह-नियंत्रक कार्बन डायऑक्साइडसाठी तसाच वापरता येत नाही. रूपांतर गुणांक लावावा, आणि शक्य असल्यास यंत्रातून बाहेर पडणाऱ्या वायूतील कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजावा. कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनाहून जड असल्यामुळे पॅनवरील उत्प्लावक बलही प्रत्येक मिश्रणात वेगळे असते, म्हणून रिकाम्या पॅनचा ब्लँक रन प्रत्येक मिश्रणासाठी आणि प्रत्येक तापवेगासाठी वेगळा घ्यावा. दोन मिलिग्रॅमच्या नमुन्यात ही दुरुस्ती नगण्य नसते.

खरी मोजमापे सुरू करण्याआधी एक चाचणी सक्तीची समजावी. नमुन्याचे वस्तुमान निम्मे करावे, नंतर प्रवाह दुप्पट करावा. रूपांतर-अंशाचा वक्र जागचा हलला नाही तरच पुढे जावे. हलला तर अजून वायू किंवा उष्णता यांची वाहतूकच मोजली जात आहे. किती हलला तर चालेल, असे विचारले जाते. दोन एकसारख्या प्रयोगांत जेवढा फरक पडतो तेवढा, असे त्याचे उत्तर आहे, आणि त्यासाठी किमान एक प्रयोग तीनदा करून पाहावा लागतो.

प्रयोगांची जाळी आणि हिशेब

किमान चार तापवेग, उदाहरणार्थ मिनिटाला १, २, ५ आणि १० अंश, आणि किमान चार आंशिक दाब, म्हणजे शून्याच्या जवळचा एक आणि ०.००५, ०.०१ व ०.०२ ॲटमॉस्फिअर, असे सोळा प्रयोग धरावेत. त्यांच्या जोडीला तीन-चार समतापी, म्हणजे तापमान स्थिर ठेवून केलेले, प्रयोग असावेत. समतापी प्रयोगात नमुना आधी पुरेशा कार्बन डायऑक्साइडमध्ये तापवून हव्या त्या तापमानाला आणावा आणि मगच वायू बदलावा. नायट्रोजनात तापवत नेले तर ठरलेले तापमान येईपर्यंत अर्धा नमुना संपलेला असतो. ७०० अंशांसाठी दहा टक्के कार्बन डायऑक्साइड पुरतो. वायू बदलल्यावर भट्टीतील जुना वायू निघून जायला लागणारा वेळ मात्र ब्लँक रनमध्ये मोजून ठेवावा.

वजनातून रूपांतर-अंश काढणे, त्याचे अवकलन करून वेग काढणे आणि गरजेपुरते गुळगुळीत करणे हे नेहमीप्रमाणेच आहे, त्यावर थांबत नाही. पुढची पायरी म्हणजे फ्रीडमन यांची १९६४ ची समरूपांतर पद्धत (वेगवेगळ्या प्रयोगांतील वेगांची एकाच रूपांतर-अंशाला तुलना करणारी), एका दुरुस्तीसह. रूपांतर-अंश ०.१ पासून ०.९ पर्यंत ०.०५ च्या अंतराने घ्यावा. प्रत्येक अंशाला प्रत्येक प्रयोगातील वेग आणि त्या क्षणाचे तापमान नोंदवावे, त्या तापमानाचा समतोल दाब बेकर यांच्या समीकरणातून काढावा, त्यावरून दाबाचा गुणक काढावा, आणि वेगाला त्या गुणकाने भागून मिळालेल्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिथम तापमानाच्या व्यस्तासमोर मांडावा. दाबाचा गुणक प्रत्येक बिंदूला वेगळा असतो. संपूर्ण प्रयोगासाठी एकच सरासरी गुणक वापरणे म्हणजे मूळ चूक नव्या कपड्यात परत आणणे होय. किसिंजर, ओझावा किंवा फ्लिन-वॉल यांच्या पद्धती येथे जशाच्या तशा वापरू नयेत, कारण त्यांची सूत्रे अरेनियसचा गुणक हाच तापमानावर अवलंबून असलेला एकमेव गुणक आहे या गृहीतावर उभी आहेत. यंत्रासोबत आलेली संगणकप्रणाली त्या पद्धती एका कळीवर करून देते आणि हे गृहीत विचारतही नाही.

चारही दाबांचे बिंदू दुरुस्तीनंतर एकाच रेषेवर आले, तर दाबाच्या गुणकाचे साधे रूप या नमुन्याला लागू पडते आणि उतारातून मिळणारी सक्रियण ऊर्जा विश्वासार्ह आहे. ती १९० ते २१० च्या दरम्यान यावी अशी अपेक्षा ठेवता येते. बिंदू चार वेगळ्या समांतर रेषांवर आले तर दाबाचे अवलंबन अधिक गुंतागुंतीचे आहे. गुणोत्तराला घातांक लावून पाहावा, किंवा पृष्ठभागावर अधिशोषित झालेल्या, म्हणजे चिकटून राहिलेल्या, वायूचा विचार करणारे रूप घ्यावे. जे रूप घ्याल ते गुणोत्तर एक असताना शून्य व्हायलाच हवे. नुसता दाबाचा घात लावलेले रूप आकडेवारीला कितीही छान बसले तरी टाकून द्यावे, कारण ते समतोल ओळखत नाही. दाब एकूणएक शून्याजवळ असताना मात्र हा सारा खटाटोप नको. गुणोत्तर सर्व बिंदूंना ०.०५ च्या खाली राहिले असेल तर साधी पद्धत पुरते, फक्त ते तसे राहिले होते हे दाखवावे.

दाबाचा गुणक कोणत्याही प्रतिमानाशिवाय थेट पाहायचा असेल तर उडीचा प्रयोग करावा. मला स्वतःला हा प्रयोग सोळा वक्रांपेक्षा जास्त पटवून देतो. ७०० अंशांना नमुना जवळजवळ शुद्ध नायट्रोजनात अपघटित होऊ द्यावा, रूपांतर-अंश ०.५ झाला की वायू झटकन बदलून कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.०१७४ ॲटमॉस्फिअर करावा, आणि उडीच्या आधीच्या व नंतरच्या वेगांचे गुणोत्तर घ्यावे. तापमान तेच, नमुना तोच, आतली रचना तीच; बदलला तो फक्त दाब. समतोल दाब ०.०३४८ असल्याने साधे रूप खरे असेल तर वेग निम्मा व्हावा, आणि ०.००८७ ची उडी घेतली तर पाऊणपट. तीच उडी ०.३ आणि ०.७ या रूपांतर-अंशांना घेऊन पाहावी. गुणोत्तर सगळीकडे सारखे आले तर दाब आणि रूपांतर-अंश यांचे गुणक खरोखरच वेगळे काढता येतात. सारखे आले नाही, विशेषतः रूपांतर-अंश वाढेल तसा वेग दाबाला वेगळा प्रतिसाद देऊ लागला, तर चुन्याच्या थरातून वायूचा प्रवास वेगात भाग घेऊ लागला आहे, किंवा केंद्रकनिर्मिती (नव्या घनाचे पहिले ठिपके तयार होणे) आणि पृष्ठभागाची आगेकूच या दोन्ही एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांना दाब वेगवेगळा जाणवतो आहे. अशा वेळी तीन गुणकांचे समीकरण सोडून देऊन दोन्ही टप्पे वेगळे लिहावे लागतात.

हायड्रेटांवर काम करणाऱ्यांनी येथे जास्तच सावध राहावे. टॉपली आणि स्मिथ यांनी १९३० च्या दशकात मँगनीज ऑक्झलेटाच्या हायड्रेटाचे निर्जलीकरण पाहिले, तेव्हा पाण्याच्या वाफेचा दाब वाढवत नेल्यावर वेग आधी घटला, मग वाढला आणि मग पुन्हा घटला. 'दाब वाढला की वेग घटतो' असे एकदिशी सूत्र तेथे बसवता येत नाही, म्हणून उडीचे प्रयोग दाबाच्या साऱ्या पट्ट्यात करावेत.

शेवटी, समीकरण बसवण्यासाठी न वापरलेल्या एका प्रयोगाचे भाकीत करावे, उदाहरणार्थ ६९० अंश आणि ०.०१ ॲटमॉस्फिअर, जेथे समतोल दाब ०.०२८४ आणि दाब-गुणोत्तर ०.३५ आहे. भाकीत केलेला वक्र आधी छापावा, प्रयोग नंतर करावा. दोन्ही वक्र जुळले तर सक्रियण ऊर्जा लिहिताना तिच्याशेजारी दाबाच्या गुणकाचे रूप, समतोल दाबाचे समीकरण, नमुन्याचे वस्तुमान, कणांचा आकार, पॅनचा प्रकार, वायूचा प्रवाह आणि एकूण दाब हे सारे द्यावे. जुळले नाहीत आणि प्रत्यक्ष वेग भाकितापेक्षा कमी असेल, तर प्रतिमान बदलण्याआधी नमुना एक मिलिग्रॅमवर आणून तोच प्रयोग पुन्हा करावा; माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा दोष तेथेच सापडला आहे.